धर्मकाट्यावरचे ऐंशी किलो

गुरुवारी दुपारी हातोदहून इंदूरला परत येताना मी तीनदा गाडी थांबवली, आणि तिन्ही वेळा कारण काहीच नव्हतं. एकदा पाणी प्यायचं म्हणून थांबले, बाटली उघडलीच नाही. एकदा फोन करायचा म्हणून थांबले, नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. तिसऱ्यांदा नुसतीच उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुन्हा येऊन बसले. पन्नाशी ओलांडलेली बाई, पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवते, आणि भर उन्हात स्वतःच्याच गाडीला प्रदक्षिणा घालते आहे. बघणाऱ्यानं काय समजायचं! मला माझ्या धाकट्या भावाच्या गॅरेजवर जायचं होतं आणि त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती गोष्ट कळायची तर आधी रविवारची रेस सांगावी लागेल, आणि रेस कळायची तर आमच्या शहरातलं ते येडं भांडण.

भांडण दोन मोटार कंपन्यांचं. नावं घेत नाही. घेतली तर संध्याकाळपर्यंत अर्धं इंदूर माझ्या दारात उभं राहील. एक कंपनी लहान इंजिन बनवते आणि त्याला टर्बो लावते, म्हणजे त्यात हवा दाबून भरते. दुसरी कंपनी मोठं इंजिन बनवते, ते आपलं जेवढी हवा येईल तेवढी ओढून घेतं. वर्गात मुलांना समजावं म्हणून मी एकदा म्हणाले होते, एकाच्या चुलीला फुंकणी आहे आणि दुसऱ्याचं पोट मोठं आहे. झालं. वर्षभरात सगळ्या गॅरेजांमधून फुंकणीवाले आणि पोटवाले अशी नावं पडली. जातीपेक्षा घट्ट. कोणाच्या लग्नात पंगतीला बसलं तरी लोक आधी शेजारच्याला विचारणार, भिया, आपण कोणते?

माझा भाऊ कट्टर फुंकणीवाला. मी माझ्या पगारातून पोटवाल्यांची गाडी घेतली, तर पठ्ठ्या वर्षभर तिच्यात बसला नाही. आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हासुद्धा आम्ही दोघी गाडीत आणि हा मागून स्कूटरवर. आई काच खाली करून त्याला ओरडत होती, "अरे गाढवा, ऊन लागेल!" तो हात हलवून म्हणाला, "मी ठीक आहे, तुम्ही चला." असा माणूस.

ह्या भांडणाचा निकाल लावायची जागा म्हणजे मानपुरच्या पुढची एक धावपट्टी. कधीकाळी एका कारखान्याच्या मालकानं स्वतःच्या लहान विमानासाठी केलेली. कारखाना बंद पडला, विमान गेलं, डांबर राहिलं. तिथं आमचा क्लब वर्षातून एकदा ड्रॅग रेस घेतो. ड्रॅग रेस म्हणजे वळण नाही, घाट नाही, काही नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की पाव मैल सरळ पळायचं. पंधरा-सोळा सेकंदांत खेळ खलास. एवढ्यासाठी लोक वर्षभर इंजिनं उघडतात आणि बायकांची बोलणी खातात.

पण हरलेला कधी हरायचाच नाही. फुंकणीवाले हरले की म्हणायचे, पोटवाल्यांचं इंजिन दीडपट मोठं, ही काय बरोबरी झाली? पोटवाले हरले की म्हणायचे, फुंकून फुगवलेल्या इंजिनाशी आम्ही का लढायचं? गेल्या वर्षी तर बक्षीस वाटताना माईकवरून मारामारी झाली. तेव्हा क्लबचे सेक्रेटरी, राजवाड्याजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे, ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मैडम, नियम आता तुम्हीच लिहा. तुमची गाडी पोटवाल्यांची, भाऊ फुंकणीवाला. म्हणजे तुम्ही बरोबर मधे. शिवाय तुम्ही सगळ्यांना सारख्याच झापता."

मी फुशारले, खोटं कशाला बोलू? महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. पेपर तपासायचे राहिले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाजी करपली. शेवटी नियम केला तो असा: टर्बो असेल तर इंजिनाचं माप दीडपट धरायचं. म्हणजे भावाचं हजार सीसीचं इंजिन कागदावर दीड हजाराचं झालं, पोटवाल्यांच्या बरोबरीचं. बरोबरीच्या इंजिनांना बरोबरीचं वजन. दोन्ही गाड्या ड्रायव्हर सोडून किमान एक हजार वीस किलो भरल्याच पाहिजेत. कमी भरली तर तेवढी वाळू पिशव्यांत भरून गाडीत बांधायची आणि त्या पिशव्यांना मी सील लावणार. हरकत असेल तर निकालानंतर अर्ध्या तासात लेखी द्या, नंतर रडायचं नाही. दोन्हीकडच्या लोकांनी पोहे खात खात ऐकलं आणि मान डोलावली. कोणी भांडलंच नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता भावाचं. वीस वर्षं गॅरेज चालवतो, दुसऱ्यांच्या गाड्या जिंकायला लावतो, स्वतः कधी जिंकला नाही. एकदा क्लच गेला, एकदा दिव्याच्या आधी सुटला, एकदा तर सुरुवातीच्या रेषेवरच गाडी बंद पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मानेचा मणका सरकला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, झटका बसेल असं काही करायचं नाही. ड्रॅग रेसमध्ये झटक्याशिवाय असतं काय? वहिनीनं आणि त्यानं मिळून तोडगा काढला: ही एक रेस, मग गाडी विकायची. त्यानं मला गॅरेजमध्ये सांगितलं तेव्हा नट घट्ट करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एकदा जिंकायचं आहे यार. फक्त एकदा. मग नको काही."

पण मी काय म्हणाले? म्हणाले, "माझ्याकडून काही सवलत मिळणार नाही हां, आधीच सांगते."

"मी मागितली का?" तो म्हणाला.

रेसच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हातोदच्या धर्मकाट्यावर वजनं झाली. धर्मकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा. मंडीत गहू-सोयाबीन घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्यावर चढतात. सेक्रेटरींची काटेवाल्याशी ओळख होती आणि त्या दिवशी मंडीला सुट्टी होती. आठ गाड्या रांगेत उभ्या. मी काटेवाल्याच्या केबिनमध्ये टेबलाशी बसले, तिथून प्लॅटफॉर्म दिसत नाही, पाठ होते. गाडी चढायची, काटेवाला बटण दाबायचा, मशिनीतून चिठ्ठी यायची, मी आकडा वहीत लिहून त्यातून वाळूचा हिशेब काढायची. सेक्रेटरी बाहेर सगळ्यांना लस्सी पाजत होते.

सगळ्यात शेवटी भावाचा नंबर आला तेव्हा मात्र मी उठले. उठून केबिनच्या दारात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ए, आधी उतर खाली! ड्रायव्हर सोडून वजन आहे, माहीत नाही का?" लोक हसले. एक जण म्हणाला, "मैडम तो सगे भाई को भी नी छोड़ती!" भाऊ मानेचा पट्टा सांभाळत हळूहळू उतरला, बाजूला उभा राहिला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. नऊशे चाळीस भरली. म्हणजे ऐंशी किलो वाळू. मी स्वतः पिशव्या मोजून सील लावलं, आणि लोकांसमोर त्याला झापल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

रविवारी फायनलला तो आणि एक दातांचा डॉक्टर. डॉक्टर पोटवाला, आणि स्वतःचं पोटही बऱ्यापैकी. सज्जन माणूस, माझी दाढ त्यानंच काढली आहे. त्याच्या गाडीत फक्त दहा किलोची एक पिशवी होती. दिवा हिरवा झाला आणि भाऊ असा सुटला की माझ्या शेजारी उभी असलेली वहिनी "अगं बाई!" म्हणून माझ्या दंडाला लटकली. निम्म्या पट्टीपर्यंत तो पुढे होता. खरंच होता. मग डॉक्टरची गाडी सरकत सरकत बरोबरीला आली आणि रेषेवर बोनेटभर पुढे गेली. पाव सेकंदसुद्धा नाही.

मी निकालावर सही केली. हरकतीचा अर्धा तास सुरू झाला. फुंकणीवाल्यांचा घोळका भावाभोवती जमला, कोणी म्हणत होतं लिहून दे, कोणी म्हणत होतं दीडपटच चूक आहे. भाऊ बोनेटला टेकून उभा होता. मी लांबून घड्याळ बघत होते आणि माझ्या मनात एकच, की ह्यानं काही लिहून देऊ नये. नाही दिलं. अर्धा तास संपला तेव्हा त्यानं जाऊन डॉक्टरला मिठी मारली, आणि मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. यंदा माईक शाबूत राहिला. सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, पहली बार कोई नी लड़ा!"

पुढचे तीन दिवस मला झोप नीट लागेना, आणि का ते कळेना. कॉलेजात गेले की घरी यावंसं वाटे, घरी आले की बाहेर. भावाला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनीनं उचलला, "ते झोपले आहेत." दिवसा झोपणारा माणूस नाही तो. मंगळवारी तिनं सांगितलं की गाडी बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मी म्हटलं, इतक्यात? ती म्हणाली, "ठरलंच होतं ना, ताई." गुरुवारी सेक्रेटरींनी फाइलसाठी चिठ्ठ्यांच्या नकला मागितल्या. माणूस पाठवला असता तरी चाललं असतं. पण मला कुठेतरी जायचंच होतं, म्हणून मीच गाडी काढून हातोदला गेले.

मंडी चालू होती. काट्यावर सोयाबीनची ट्रॉली चढली. ट्रॅक्टरवर नवरा, बाजूच्या चाकावरच्या पत्र्यावर बायको, तिच्या मांडीत डबा. दोघंही बसलेलेच. काटेवाल्यानं बटण दाबलं, चिठ्ठी फाडली, ट्रॉली पुढे गेली.

मी म्हटलं, "अहो, उतरवत नाही यांना?"

त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मैडमजी, भरी भी इनके साथ तुलेगी, खाली भी इनके साथ तुलेगी. फरक कायका?"

बरोबर होतं त्याचं. माल उतरवून ट्रॉली परत येते, तेव्हाही ते दोघं तसेच बसलेले असतात. मोठ्या आकड्यातून लहान वजा केला की माणसं आपोआप जातात, माल राहतो. जन्मभर तो असाच तोलत आला. ह्या काट्यावरून कोणी उतरतच नाही.

माझ्या हातातल्या नकला हातातच राहिल्या. मी विचारलं, "आणि शनिवारी? आमच्या गाड्या?"

"सब बैठे थे," तो म्हणाला. "मैंने बोला बैठे रहो, टाइम कायको खराब करना. एक को तो आपने ही उतारा था."

आठ गाड्या. सात जणांचं वजन ड्रायव्हरसकट झालं आणि त्यांची वाळू तेवढी कमी झाली. डॉक्टर ऐंशी किलोचा असेल, तर ऐंशी किलो वाळू वाचली त्याची. वाळूचा पूर्ण भार वाहून पळाली ती एकच गाडी, आणि ती नियमाप्रमाणे चोख तोललेली एकमेव गाडी होती, कारण तिच्या ड्रायव्हरला त्याच्या बहिणीनं चारचौघांत खाली उतरवलं होतं. मी काटेवाल्याच्या खुर्चीवर मटकन बसले. त्यानं पाणी दिलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि समोर तो बिचारा विचारत होता, "क्या हुआ मैडम, चक्कर आई?"

तर अशी मी तीनदा थांबत इंदूरला आले. गॅरेजच्या गल्लीपाशी पोचले आणि वळलेच नाही, सरळ पुढे गेले. राजवाड्याच्या गर्दीत उगीचच शिरले, रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, एका हातगाडीला आरसा घासला, बाहेर पडले, पुन्हा त्याच गल्लीपाशी आले. काय सांगायचं ते पाठ करत होते. निकाल बदलता येणार नाही, कारण अर्ध्या तासाचा नियम माझाच. पण क्लबला पत्र लिहीन, सगळ्यांसमोर चूक कबूल करीन, रेस पुन्हा घ्या म्हणून सांगीन. आणि मग वाटे, पुन्हा म्हणजे कधी? त्या मानेनं?

तो गॅरेजमध्ये एकटाच होता. स्टुलावर बसून कापडानं स्पार्क प्लग पुसत होता. पट्टा बांधलेला, म्हणून मान वळवता येईना. अख्खाच वळून त्यानं माझ्याकडे बघितलं. "ये ना ताई. चहा सांगतो." कोपऱ्यात त्याच्या गाडीतून काढलेल्या वाळूच्या पिशव्या तशाच, माझ्या सीलसकट. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, एका दमात, ट्रॉली, नवरा-बायको, सोयाबीन, सात गाड्या, डॉक्टर, ऐंशी किलो. सांगता सांगता गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि दोनदा जॅकला अडखळले.

तो प्लग पुसत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळे बसून तुलले ते. मी रांगेत होतो ना. डॉक्टर माझ्या पुढेच होता. काट्यावर बसूनच लस्सी पीत होता, काच खाली करून मला विचारत होता, मान कशी आहे."

"मग बोलला का नाहीस? तिथं नाही, तर नंतर! अर्धा तास होता तुझ्याकडे! एक कागद लिहून द्यायचा होता!"

"कोणाच्या विरुद्ध देऊ?" तो म्हणाला. "तू दारात येऊन उतरवलंस ना मला. मला वाटलं, मुद्दाम करते आहेस. मैडमनं भावाला झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणू नये म्हणून. म्हटलं ठीक आहे यार, ताईच्या इज्जतीचा सवाल आहे. ऐंशी तर ऐंशी. ओढू."

मी भडकले. दुसरं काय येतं मला! "वेडा आहेस का तू? मी असं करीन? जाणूनबुजून तुला हरवीन? एवढीच ओळखतोस मला? अरे, तुला असं वाटलंच कसं!" माझा आवाज इतका चढला की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. भाऊ मात्र चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं प्लग बाजूला ठेवला, हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे तुला खरंच काहीच कळलं नव्हतं?"

आणि मला ती चिठ्ठी दिसली. डॉक्टरच्या गाडीची, भावाच्या आधीची. एक हजार दहा. त्या गाडीची मागची सीट काढलेली, स्टेपनी काढलेली, हे मला माहीत होतं. शुक्रवारी मीच तपासली होती. आणि वजन कंपनीच्या पुस्तकातल्यापेक्षा जास्त. तिसऱ्या वर्षाच्या पोरानं असं रीडिंग जर्नलमध्ये लिहून आणलं असतं, तर मी जर्नल त्याच्या तोंडावर फेकलं असतं. केबिनमध्ये मी त्या आकड्यावर पेन ठेवून थांबले होते. थोडाच वेळ, पण थांबले होते. विचारायचं तर डॉक्टरची गाडी पुन्हा तोलायला लागली असती, तीही नेमकी भावाच्या नंबरच्या आधी, आणि बाहेर सगळे कान टवकारून उभे. मी आकडा लिहिला, पान उलटलं आणि भावाला ओरडायला उठले.

"सांग ना, ताई," तो म्हणाला. त्याला फक्त एक ‘नाही’ हवं होतं. तेवढं मिळालं असतं तर तो हसून चहा मागवणार होता, माझा भाऊ आहे तो, मला माहीत आहे. मी तोंड उघडलं. उत्तर द्यायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याला उत्तर मिळालं.